दमानं

गेल्या वर्षी एका संस्थेनं मला एक पुस्तिका मराठीत आणायला दिली. काम मोठं नव्हतं, जेमतेम ऐंशी पानं. पूर, दरड, आग, अपघात अशा आपत्तींतून वाचलेल्या माणसांसोबत बसणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ती लिहिलेली होती. आठ आठवड्यांचा कार्यक्रम, आठवड्याला एक बैठक आणि रोज घरी करायचा थोडा ध्यानाचा सराव. कविता-कादंबऱ्यांच्या भाषांतरावर घर चालत नाही, तेव्हा अशी कामं मी घेते आणि दोन-तीन आठवड्यांत हातावेगळी करते. ह्या पुस्तिकेला सात महिने लागले.

पहिल्या पानावरच अडले. ‘माइंडफुलनेस’ला सजगता म्हणायची पद्धत मराठीत आता रुळते आहे. शब्द वाईट नाही, पण मला त्यात रात्रीचा पहारेकरी दिसतो, हातात शिट्टी आणि दंडुका घेतलेला. सावधानता म्हणावं तर मंगलाष्टकं ऐकू येतात आणि बोहल्यावरून पळालेले रामदास आठवतात. पुढच्याच ओळीत ‘ट्रॉमा प्रोसेस करणं’ होतं. प्रक्रिया आमच्याकडे सोयाबीनवर करतात, नाहीतर सांडपाण्यावर. दुःखावर प्रक्रिया असं लिहिलं की मला गावाबाहेरचा कारखाना आणि त्याचा वास आठवतो. त्याच वाक्याचा शेवट होता की ध्यानामुळे ह्या प्रक्रियेसाठी ‘जागा’ तयार होते. इथे मात्र मराठी मदतीला आली. जागा म्हणजे ठिकाण, आणि जागा म्हणजे झोपलेला नसलेला. इंग्रजीला ही सोय नाही.

राहिला ट्रॉमा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम. मराठीत आघात लिहितात, मीही तोच लिहिला. माझ्या गावाकडे त्याला वेगळा शब्द आहे, तो पुस्तिकेत चालला नसता. आम्ही म्हणतो, धक्का. नुसतं ‘धक्क्याच्या वर्षी’ म्हटलं तरी कळतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

किल्लारी हे नाव वाचकांना माहीत असेल. माझं गाव त्याच पट्ट्यातलं, तेरणेच्या खोऱ्यातलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या भिंती, इतक्या जाड की लहानपणी मी कोनाड्यात अंग चोरून बसायचे. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडावर गळती लागू नये म्हणून त्यावर दर वर्षी ताजी माती पसरायची. जुनी कुणी खाली उतरवत नसे. आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची माती अशी डोक्यावर साठत गेलेली. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्याचं कौतुकही होतं. नंतर आलेले इंजिनीअर म्हणाले की भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगात ह्याहून मोठे पुष्कळ होतात; इथे माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. सुमारे १०,००० माणसं गेली. ५२ गावं उचलून नव्या जागी बसवावी लागली.

मी चौदा वर्षांची होते. दोन दिवस अंगात ताप होता म्हणून आज्जी मला घेऊन आतल्या खोलीत निजली. एरवी ती ओसरीवर निजायची. ओसरीवर त्या रात्री आई आणि धाकटा भाऊ होते, ते अंगणात फेकले गेले आणि वाचले. वडील शेतात राखणीला होते. आम्ही दोघी आत राहिलो. मला दहाच्या सुमाराला बाहेर काढलं. आज्जीला दुपारी.

ही गोष्ट मी अशीच, एवढीच सांगत आले. कॉलेजात सांगितली, जादवपूरला तुलनात्मक साहित्य शिकायला आले तेव्हा वसतिगृहात सांगितली, लग्नाआधी नवऱ्याला सांगितली. आठ-दहा वाक्यं, कुठेही न अडखळता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्या नाही. सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीत सांगणारा नसतोच, हे मी दुसऱ्यांची आत्मकथनं भाषांतरित करताना कितीदा तरी ओळखलं आहे. माझ्या स्वतःच्या बाबतीत ते कळायला २५ एप्रिल २०१५ उजाडावं लागलं.

नेपाळचा तो भूकंप कोलकात्यातही जाणवला. शनिवार होता, दुपारचे बारा वाजायचे होते. पंखा झुलायला लागला, खालून लोकांची ओरड ऐकू आली, आम्ही सगळे जिने उतरून रस्त्यावर. कुणाचं काही नुकसान झालं नाही. पाच मिनिटांत लोक हसायला लागले, फोनवर बोलायला लागले. शेजारच्या बौदी मला काहीतरी विचारत होत्या. माझं तोंड उघडेना. घाबरून बोलता येत नाही तसं नव्हे. ओठ मिटलेले होते आणि ते उघडायचे नाहीत हे जणू कुणीतरी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत मी पाणीसुद्धा प्याले नाही. त्यानंतर झोप गेली. पहाटे जाग यायची, आणि घड्याळ पाहिलं की चाराला चार मिनिटं कमी.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले. तिला त्याचा फार फायदा झाला होता, आणि तिच्यासारखे फायदा झालेले लोक मी नंतरही पाहिले, म्हणून पुढचं लिहिताना शिबिर कुठलं ते सांगत नाही. दोष असलाच तर माझाही आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर मानसिक त्रासाचा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. भूकंप हा काही आजार नव्हे, असा माझा हिशेब.

तिथे उठवायची घंटा पहाटे चारची. मी रोज घंटेच्या आधी जागी असायचे. पहिले तीन दिवस एकच काम: डोळे मिटून बसायचं, नाकपुड्यांपाशी लक्ष ठेवायचं, आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास. बदलायचा नाही, नुसता पाहायचा. पहिल्या दिवशी पाय दुखले. दुसऱ्या दिवशी मन गावभर हिंडलं. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या बैठकीत, नाकात माती आली.

आठवण आली असं म्हणायला हवं, पण तसं झालं नाही. आठवण म्हटलं की मधे अंतर असतं. इथे नाकपुडीच्या आत, ज्या जागी लक्ष ठेवायला सांगितलं होतं नेमकं तिथेच, पांढऱ्या मातीचा कोरडा, पिठासारखा स्पर्श होता. घसा बंद झाला. मी शिक्षकांना भेटायची परवानगी मागितली. ते शांतपणे म्हणाले, जे येतं ते जाणारं असतं, समतेनं पाहा. मी गेले आणि पाहायला बसले. मराठवाड्यातली मुलगी, सांगितलं ते निमूट करायची सवय. चौथ्या-पाचव्या दिवशी तासभर हालचाल न करता बसायचं होतं. न हलता, अंधारात, नाकात माती. सहाव्या दिवशी सकाळी मी सामान बांधलं. त्यांनी अडवून पाहिलं, मग जाऊ दिलं. घरी आले ती आधीपेक्षा वाईट अवस्थेत. आपल्याला ध्यानसुद्धा जमत नाही, ही एक नवी नामुष्की वर.

श्वास ही सगळ्यांसाठी निरुपद्रवी गोष्ट नसते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला पाण्यातून काढलंय, ज्याचा गळा कुणी दाबलाय, जो ढिगाऱ्याखाली राहिलाय, त्याचा धक्का श्वासातच बसलेला असू शकतो. त्याला तिथे लक्ष दे म्हणणं म्हणजे घर पडलेल्या माणसाला पुन्हा त्याच खोलीत निजवणं. आज ह्यावर लिहिलं जातं. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करताना त्रास झालेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन २०१७मध्ये मोठा लेख छापला. पुढच्याच वर्षी डेव्हिड ट्रेलेव्हन यांचं आघात झालेल्यांना ध्यान कसं द्यावं, ह्यावरचं पुस्तक आलं. मी पुस्तिका करायला घेतली तेव्हा हे सगळं वाचलं. सावधगिरीच्या त्या गोष्टी मात्र त्याआधीच, पुस्तकं न वाचता, दक्षिण कोलकात्यातल्या एका बाईंकडून शिकले होते.

त्या समुपदेशक. जुन्या घराच्या तळमजल्यावर त्यांची खोली, लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, जशी कोलकात्याच्या जुन्या घरांत असते. मी शिबिराची हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, “आणि डोळे मिटायची सक्ती कुणी केली?” मग म्हणाल्या, चप्पल काढा. तळव्याखालची जमीन गार आहे का बघा. एवढंच. डोळे उघडे. मला वाटेल तेव्हा थांबायचं, कारण सांगायचं नाही. कितीतरी आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. जमीन, खुर्चीची पाठ, रस्त्यावर ओरडणारा भंगारवाला. मला हे ध्यान वाटतच नव्हतं. पैसे वाया चालले आहेत असंही एकदा मनात आलं.

पुस्तिकेत ह्या टप्प्याला ‘सोसण्याची खिडकी’ म्हटलं आहे. डॅनिअल सीगल यांची कल्पना: माणूस फार उसळलेला नसतो, फार सुन्नही नसतो, त्या मधल्या पट्ट्यातच त्याला आपल्या अनुभवाकडे पाहता येतं. कल्पना मला पटते. खिडकी खटकते, कारण आमच्या घराला खिडक्याच नव्हत्या, माळवदाला एक झरोका होता. मी भाषांतरात खिडकीच ठेवली. सगळीकडे आपलं घर घुसवायचं नसतं.

हळूहळू बाईंनी मला मातीकडे जाऊ दिलं, पण चोरपावलांनी. दोन श्वासांपुरतं नाकाशी, की परत तळव्याशी. पुन्हा दोन श्वास, पुन्हा जमीन. माती यायची, पण आता ती सगळीकडे नसायची, पायाखाली लाल सिमेंट असायचं. मधे अंतर पडायला लागलं. जागा म्हणतात ती हीच असावी. मनात कुठे तरी दालन उघडतं वगैरे काही नाही. एक पाय इथे आहे, एवढं ठाऊक असणं.

मग एका पावसाळी दुपारी मी नाकाशी जरा जास्त रेंगाळले, घसा आवळायला लागला, आणि बाई म्हणाल्या, “एकटू दॉम निन.” जरा दम घ्या. रोजच्या वापरातली बंगाली. आधीही कदाचित म्हणाल्या असतील.

दॉम. दम. आम्ही घरी श्वास म्हणतच नव्हतो. श्वास शाळेच्या पुस्तकात होता. घरी दम होता: दम लागला, दम धर, दम खा, दमानं चाल. फारसीतून आलेला शब्द, अर्थ श्वासच, दख्खनात आला आणि आमच्या बायकांच्या तोंडी राहिला. आणि त्या शब्दामागून आज्जीचा आवाज आला. उजवीकडून, खालून, अगदी जवळून. “तोंड मीट, माय. माती जाईल. नाकानं घे. दमानं.”

इथे मला ते सांगायला हवं, जे मी त्या आठ-दहा वाक्यांत कधी घातलं नव्हतं.

मला आठवत होतं ते दुसरंच. आज्जी अंधारात हाका मारते आहे. “हायस का गं? हायस का, माय?” किती वेळा ते माहीत नाही. आणि मी ओ देत नाही. मला ऐकू येतं आहे, मी शुद्धीवर आहे, आणि मी ओ देत नाही. मग हाका थांबतात. बावीस-तेवीस वर्षं माझ्यापाशी एवढंच होतं. ती मला विचारत गेली आणि मी तिला सांगितलं नाही की मी आहे. असं का केलं, ह्याचं उत्तर मला कधीच सापडलं नव्हतं. मी भेकड होते, मी दुष्ट होते, ताप होता, अशी उत्तरं मी वेगवेगळ्या वयांत देऊन पाहिली.

आता हाकेच्या आधीचं वाक्य आलं होतं. तोंड मीट, असं तिनंच सांगितलं होतं. मी मिटलं, आणि मिटलेलं ठेवलं. कोलकात्याच्या रस्त्यावर बौदी विचारत होत्या तेव्हाही.

मी त्या खोलीत रडले, बऱ्याच वेळ. बाईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि पंखा एक आकडा कमी केला.

पण मी भाषांतरकार आहे. एखादा शब्द फारच चपखल बसला की मला संशय येतो. इतक्या वर्षांनी आलेली आठवण, तीही परक्या भाषेतल्या शब्दावरून, आणि नेमकी माझी सुटका करणारी: हे मूळ संहितेत होतं, की मी घातलं? मेंदू दर वेळी आठवण नव्यानं रचतो, हे मी वाचलं आहे. मला स्वतःला माफ करायचं होतं म्हणून आज्जीच्या तोंडी मी एक वाक्य दिलं असं कुणी म्हणालं, तर माझ्यापाशी पुरावा नाही. त्या रात्रीची दुसरी साक्षीदार तीच होती.

आईला फोन केला. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून विचारलं, आज्जी दमानं म्हणायची का गं? आई म्हणाली, “ती समद्यालाच दमानं म्हणायची की. चहा पिताना दमानं, गाडीत बसताना दमानं. तुझ्या बापाला हळद लागली तवा बी दमानं म्हणली म्हणं.” मग थोडं थांबून, “का गं, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, एका शब्दाचा अर्थ हवा होता. आईला माझ्या अशा फोनांची सवय आहे.

पुस्तिकेचं काम पुढे गेलं ते त्यानंतर कित्येक वर्षांनी, पण अडलं होतं त्याच जागी. तिसऱ्या आठवड्याच्या बैठकीत श्वासाची सूचना होती, मूळ इंग्रजीत दोनच ओळी. तिथे मी महिनाभर पुढे सरकले नाही. त्या महिन्यात कामचुकारपणा म्हणून मूळ शब्दाचा शोध घेत बसले. ‘माइंडफुलनेस’ हा ह्या अर्थानं रूढ केला ऱ्हिस डेव्हिड्स यांनी, १८८१ सालच्या पाली सुत्तांच्या भाषांतरात. हे गृहस्थ सिलोनमध्ये सरकारी नोकरीत होते, पाली तिथेच शिकले. त्यांच्यासमोरचा पाली शब्द होता सति. आणि सति म्हणजे संस्कृतातली स्मृती, स्मृ धातूपासूनची. आठवण. पुढे १९७९मध्ये जॉन काबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या रुग्णालयात जुनाट दुखणी असलेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला आणि तो शब्द जगभर गेला, ‘ह्या क्षणात राहणं’ असा अर्थ घेऊन. त्या प्रवासात आठवण मागे राहिली.

मराठीत ती राहिली नव्हती. अष्टांगिक मार्गातलं सातवं अंग आपल्याकडे सम्यक स्मृती असंच म्हणतात. आमच्या गावाच्या बौद्धवाड्यातल्या विहारात ते भिंतीवर रंगवलेलं होतं. मी त्या भिंतीवरून शाळेत जायचे आणि कधी थांबून वाचलं नाही; वरच्या आळीतल्या मुली तिथे थांबत नसत. माझ्या कामाचा शब्द मला तिथे चौदाव्या वर्षीच मिळाला असता. ती भिंतही धक्क्यात गेली.

शीर्षकात मी शेवटी सजगताच ठेवली, कारण पुस्तिका वापरणाऱ्यांना ती ओळखीची आहे. स्मृती घातली असती तर लोकांना स्मरणिका वाटली असती. श्वासाच्या सूचनेच्या आधी मात्र एक परिच्छेद वाढवायची परवानगी मागितली: ज्यांना श्वासाकडे लक्ष देणं जड जाईल त्यांनी तळव्यांकडे, हातांकडे, आवाजाकडे द्यावं, डोळे उघडे चालतील, मधेच उठून गेलं तर ती चूक समजू नये. मूळात हे परिशिष्टात होतं, बारीक टायपात. परवानगी मिळाली. आणि सूचनेच्या दोन ओळींत मी ‘श्वास’ एकदाच वापरला, पुढे ‘दमानं घ्या’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला, बोलीभाषा, प्रमाण शब्द वापरावा. एरवी मी असे शेरे मान्य करते, वाद घालायला मानधन पुरत नाही. ह्या शेऱ्यावर तीन ईमेल लिहिल्या. दमानं राहिलं.

मी ओ का दिली नाही, ह्याचं उत्तर सापडलं असं मी म्हणणार नाही. तोंड मिटूनही हुंकार देता येतो. चौदा वर्षांच्या मुलीला ते सुचलं नाही, की सुचलं आणि दिला, आणि आज्जीला तो ऐकू गेला किंवा नाही, ह्यातलं काहीच माझ्या हाताला लागलेलं नाही. काही दिवस वाटतं दिला असेल. काही दिवस अजिबात वाटत नाही.

जाग अजून त्याच वेळेला येते. आता मी उठून बाल्कनीच्या दारात खुर्ची घेते, पाय जमिनीवर, डोळे उघडे. समोरच्या गल्लीत अंधार असतो, कुणाच्या तरी घरी पंपाचा आवाज असतो. थोडा वेळ जमिनीशी राहते, मग नाकाशी. माती कधी येते, कधी नाही. आली तर मी घाई करत नाही. आवाज आला तर, तोंड मिटलेलं ठेवूनच, हं म्हणते.